फोटो नको, उजेड सांगा

काचेवर कोरीवकाम करणाऱ्या एका ताईंच्या कार्यशाळेत गेल्या पावसाळ्यात मी तासभर बसलो होतो. तेवढ्यात तीन गिऱ्हाइकं येऊन गेली. तिघांचं पहिलं वाक्य एकच होतं, "ताई, स्क्वेअर फूट काय पडेल?" दुसऱ्या वाक्याला तिघांनीही मोबाइल पुढे केला. एकाच्या मोबाइलवर राधाकृष्ण, दुसऱ्याच्या बांबूचं बन, तिसऱ्याच्या कुठल्याशा हॉटेलातला मोर. "सेम असंच पाहिजे."

ताईंनी प्रत्येकाला शांतपणे विचारलं, "दादा, काच बसणार कुठे? आणि तिथे उजेड कुठून येतो?"

उत्तर एकाकडेही नव्हतं. मोरवाला तर वैतागला. "उजेडाचं काय एवढं, लाइट असतेच की घरात," म्हणाला आणि गाडीला किक मारून निघून गेला. पुढच्या चौकात प्लॉटरवर मोर कापून देणारा कुणीतरी त्याला मिळाला असेल. काच बसलीही असेल. मागे पांढरी भिंत असेल, तर तो मोर आजही त्या घरात कुणाला दिसत नसेल.

मला त्या माणसाचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही. स्वतःच्या घरासाठी, स्वतःच्या पैशांनी, आयुष्यात बहुधा एकदाच करून घ्यायची वस्तू. तिच्याबद्दल विचारलेला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न त्याला फालतू वाटला. सोफा घेताना तो दोन दुकानं हिंडून चार वेळा बसून बघतो. कलाकाराकडे मात्र दर विचारायलाच येतो.

काच कोरतात म्हणजे काय करतात, ते आधी समजून घेऊ. कोरीवकामात काचेवर रंग चढवत नाहीत, शाई लावत नाहीत. हिऱ्याच्या कणांच्या टोकाने, फिरत्या चाकाने किंवा दाबाच्या हवेतून मारलेल्या कठीण भुकटीने काचेचा गुळगुळीत पृष्ठभाग फोडतात. फुटलेल्या जागी उजेड सरळ पार न जाता विखुरतो, आणि ते विखुरणं आपल्याला पांढरं दिसतं. काचेवर दिसणारं चित्र तेवढंच. रेघेच्या मागे अंधार असेल तर ती चांदीसारखी उठते. मागे पांढरी भिंत असेल तर ती विरून जाते. आणि मागे लख्ख आभाळ असेल, तर तीच रेघ उलटी, काळपट दिसायला लागते. म्हणून काच कोरणारे काळ्या कागदावर पांढऱ्या खडूने रेखाटन करतात. उजेड हा त्यांचा रंग आहे, आणि तो त्यांना तुमच्या घरातूनच मिळणार आहे.

हे आपल्याला नवीन असायला नको होतं. कोकणात गणपती सांगायचा तर माणूस स्वतःच्या घरचा पाट घेऊन गणपतीच्या शाळेत जातो. पाटावर नाव घातलेलं असतं. मूर्तिकार पाट बघतो, मखर केवढं, देवघर कुठे, मूर्ती कुणाच्या डोक्यावरून किती पायऱ्या चढून जाणार हे विचारतो, आणि मग मातीला हात घालतो. यजमान जागा देतो, मूर्तिकार मूर्ती देतो. काम सांगण्याची याहून नेमकी रीत मी जगात कुठे ऐकलेली नाही. आता त्या शाळांमध्येही मोबाइल पुढे येतात, पण पाट अजून जातो. काचेच्या कामात आपण पाट न्यायचाच विसरलो आहोत.

मी त्या कार्यशाळेत गेलो होतो आमच्या गावच्या वाचनालयासाठी. वडिलांनी तिथे तीस वर्षं विनापगार काम केलं. कराडजवळच्या ओगलेवाडीत तेव्हा बनणाऱ्या प्रभाकर कंदिलाच्या उजेडात अभ्यास केलेली ती पिढी. वाचनालयाला वीज आली, तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने पुस्तकांची कपाटं खिडकीजवळून आत सरकवली आणि खिडकीशी वाचणाऱ्यांसाठी टेबल लावलं. ते गेल्यावर समितीने ठरवलं की त्या खिडकीच्या काचेवर त्यांचा चेहरा कोरून घ्यायचा. मीही हो म्हणालो. त्यांचा एक चांगला फोटो घेऊन ताईंकडे गेलो.

ताईंनी फोटो बघितला आणि बाजूला ठेवला. गावाला यायचा दिवस ठरवला, एसटीने आल्या, आणि दुपारी तीनपासून दिवेलागणीपर्यंत वाचनालयात बसून राहिल्या. वडिलांच्या खुर्चीवर बसल्या, वाचकांच्या बाकावर बसल्या, बाहेर रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या. खिडकी पश्चिमेला. बाहेर जुनी चिंच. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत चिंचेचा गर्द पालवा येतो, वरच्या हातभर भागात मोकळं आभाळ.

"चेहरा नको कोरूया, सर," त्या म्हणाल्या. समितीतले दोघे नाराज झाले. ताईंनी कारण सांगितलं. चेहरा आभाळासमोर आला की उजळ भाग काळपट आणि काळे भाग उजळ दिसतील. ढगाळ दुपारी वडील फोटोच्या निगेटिव्हसारखे दिसतील. आणि खिडकीबाहेरून माणूस गेला की तो त्यांच्या गालावरून चालत जाईल. मग त्यांनी मला विचारलं, "वडील इथे बसून वाचून दमले की काय बघायचे?"

चिंचच बघायचे. दुसरं होतंच काय तिथे!

त्यांनी चिंचेची एक डहाळी सुचवली. बारीक पानांची, दोन वाकड्या शेंगांची, खिडकीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून वर येणारी, आणि आभाळ सुरू होण्याआधी थांबणारी. पाठीमागे खरी चिंच. तिचाच गर्द हिरवा अंधार या पांढऱ्या पानांना पार्श्वभूमी म्हणून वापरायचा. हे कुठल्या मोबाइलमध्ये सापडलं असतं?

स्क्वेअर फुटाचं गणित इथेच कोसळतं. न्हाणीघराच्या दाराला दुधी काच करायची असेल तर फुटाचा दर बरोबर आहे. काच स्टँडवर ठेवायची, नोझल धरायचं, मारत जायचं. चित्राचं तसं नाही. सँडब्लास्टने खोली आणायची तर आधी काचेवर व्हिनायल चिकटवतात, ब्लेडने आकार कापतात, सगळ्यात खोल जायचा भाग आधी उघडून मारतात, मग पुढचा तुकडा सोलतात, पुन्हा मारतात. सोलायचा क्रम चुकला की पुढचं पान मागच्या पानाखाली जातं आणि ते पुन्हा वर येत नाही. हाताने कोरायचं तर मायक्रोमोटरला हिऱ्याची टोकं लावून, वर पाण्याचा थेंब थेंब सोडत, एकेक पान. चिंचेची पानं किती असतात ते डहाळी हातात घेऊन बघा. आमच्या खिडकीतली कोरलेली जागा एकूण तीन फूटही नव्हती. तिला अडीच महिने लागले. फुटाने पैसे दिले असते तर ताईंनी पानं मोठी आणि मोजकी केली असती, आणि त्यांना दोष देता आला नसता. फुटाने मागितलं की फुटाने मिळतं.

दुसरी वाईट सवय फुकट रेखाटनाची. "आधी दोन-तीन डिझाइनं काढून दाखवा, आवडलं तर बघू." दाखवा म्हणजे? काम तिथेच सुरू झालं की! सगळ्यात अवघड भाग तोच. कुठे काय कोरायचं आणि कुठे कोरी काच सोडायची, हे ठरलं की पुढचं हाताचं कष्टाचं काम. गावचे कारभारी जत्रेचा तमाशा ठरवायला नारायणगावच्या राहुट्यांमध्ये जातात. तारीख ठरते, रक्कम ठरते, सुपारी हातावर पडते. गावाला न परवडलं तर दुसरी राहुटी आहेच, पण "आधी अर्धा वग फुकट करून दाखवा" असं कुणी म्हणत नाही. सुपारीचा हा शहाणपणा शहरातल्या दिवाणखान्यांत का येत नाही? रेखाटनाचे पैसे वेगळे धरा, आधी द्या, आणि ते परत मिळणार नाहीत हे मान्य करा. रेखाटन नाही आवडलं तर तिथे थांबा. दोघांचाही मान राहतो.

ताईंनी आमच्याकडून तेच मागितलं. रेखाटनाचे वेगळे, मग काचेच्या एका उरलेल्या तुकड्यावर एकच छोटी डहाळी कोरून दिली. तो तुकडा आम्ही सुतळीने खिडकीत टांगला आणि तीन दिवस बघितला. सकाळी जेमतेम दिसे, दुपारी फिका, पाचनंतर पश्चिमेचा उजेड आडवा आला की पानागणिक पेटल्यासारखा. समितीतले ते दोन नाराज सभासद तिसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वतःहून येऊन खुर्चीवर बसले. यापेक्षा चांगलं सॅम्पल कुठलं? काही खर्च ताईंनी आमचा वाचवलाही. साध्या काचेत लोहाचा अंश असतो, त्याने हिरवट झाक येते. ती नको असेल तर महाग, जास्त स्वच्छ काच मिळते. मागे हिरवं झाडच आहे, ती घेऊ नका म्हणाल्या. फुटावर टक्का खाणारा माणूस हे सांगेल का?

काच घेण्याआधी अजून एक गोष्ट पक्की करा. दार असेल, मुलं धावत असतील, तर टफन काच लागते. टफन काच भट्टीत तापवून झटक्यात थंड केलेली असते. तिच्या दोन्ही पृष्ठभागांत दाब कोंडलेला असतो, आणि तो थर भेदला की अख्खी काच दाण्यादाण्याने खाली येते. म्हणून मापाला कापणं, भोकं पाडणं, कडा घासणं हे सगळं आधी, आणि खोल कोरीवकाम टफनवर नाहीच. दाराला उथळ काम, खोल काम हवं तर ते बंद खिडकीत किंवा भिंतीवर. काच आणून ठेवून मग कलाकाराला बोलावणारे लोक इथे फसतात आणि खापर कलाकारावर फोडतात.

आणि अक्षरं! माझ्या बहिणीच्या घराच्या दारावर आठ वर्षांपूर्वी एका काचवाल्याकडून "आशीर्वाद" कोरून घेतलं होतं. घरी आलं ते "आर्शिवाद". रफार श वर चढून बसलेला. काम फोनवर सांगितलेलं, नमुना छापून कुणी बघितला नव्हता, सही घेतली नव्हती. काचवाला म्हणाला, चालतंय की. भाच्यांना शाळेत शुद्धलेखन शिकवलं जात होतं आणि घराच्या दारावर ते चुकीचं कोरलेलं होतं. शेवटी काच बदलली, दुप्पट पैसे गेले. कोरलेलं पुसता येत नाही. रफार, वेलांटी, पाय मोडलेलं अक्षर, सगळं खऱ्या मापाच्या कागदावर छापून घ्या, मोठ्याने वाचा, घरातल्या दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या आणि मगच सही करा. व्हिनायलच्या साच्यात "ठ" आणि "व" यांच्या पोटातला तुकडा निसटून पडतो, हेही तपासा. काच मागच्या बाजूने कोरणार असतील तर अक्षरं उलटी कोरावी लागतात. देवनागरी नीट लिहिता येणं ही या कामातली पहिली पात्रता आहे, आणि ती मागण्यात मला कसलाही संकोच वाटत नाही.

स्वस्तात करून मागणाऱ्यांनी हेही ऐकावं. काच विरघळवून कोरायला वापरलेलं हायड्रोफ्लोरिक आम्ल कातडीतून आत जातं, थेट हाडापर्यंत. सौम्य असेल तर सुरुवातीला दुखतही नाही, म्हणून जास्त धोक्याचं. ब्लास्टिंगसाठी साधी वाळू वापरली की तिची धूळ फुफ्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. ब्रिटनने वाळूचं ब्लास्टिंग गेल्या शतकाच्या मध्यावरच बंद केलं. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची किंवा सिलिकॉन कार्बाइडची भुकटी वापरता येते, बंद पेटीत काम करता येतं, नीट मास्क मिळतो. या सगळ्याला पैसे पडतात. दर ऐकून "एवढे?" म्हणण्याआधी कार्यशाळेत आत जा आणि नोझल धरणाऱ्या पोराच्या तोंडावर काय बांधलंय ते बघा. रुमाल असेल तर तिथे काम देऊ नका.

काम कसं सांगावं आणि कसं नाकारावं, याचं एक उदाहरण मी कधीच विसरत नाही. इंग्लंडमध्ये डॉर्सेट परगण्यात मोर्टन नावाचं खेडं आहे. ऑक्टोबर १९४० मध्ये तिथल्या सेंट निकोलस चर्चवर बॉम्ब पडला आणि खिडक्यांच्या काचा गेल्या. नव्या खिडक्यांचं काम लॉरेन्स व्हिस्लर या काच कोरणाऱ्या कलाकाराकडे गेलं. पहिल्या खिडक्या १९५५ मध्ये बसल्या, शेवटची १९८४ मध्ये. बारा खिडक्या, जवळजवळ तीस वर्षं. काच पारदर्शकच ठेवली, म्हणून कोरलेल्या रेघांमागे बाहेरची खरी झाडं आणि खरं आभाळ दिसत राहतं. आमच्या चिंचेची कल्पना ताईंना व्हिस्लरवरून सुचली का, ते मी विचारलं नाही. त्याच व्हिस्लरने तेरावी खिडकी सुचवली, बाहेरच्या बाजूनेच दिसणारी. विषय होता, येशूला दगा देणारा ज्यूडास. गळ्यात फास, हातातून पडणारी नाणी, आणि पडता पडता त्या नाण्यांची होणारी फुलं. चर्चने नको म्हटलं. त्याने तरीही ती कोरली. ती संग्रहालयात राहिली. २००० मध्ये व्हिस्लर गेला आणि २०१४ मध्ये त्याच चर्चने ती खिडकी बसवून घेतली.

मला यात दोन्ही बाजू आवडतात. चर्चने कलाकाराला "जरा ज्यूडास काढा आणि देवदूत घाला" असं सांगितलं नाही. नको तर नको म्हटलं. कलाकाराने आपलं म्हणणं पातळ केलं नाही. आपल्याकडे उलट होतं. कुणी स्पष्ट नाही म्हणत नाही, आणि काम अर्धं झाल्यावर "इथे एक कमळ टाकून द्या ना" सुरू होतं. काचेत "टाकून द्या" असं काही नसतं. कोव्हेंट्रीच्या नव्या कॅथेड्रलची काचेची प्रचंड भिंत जॉन हटन यांनी दहा वर्षं खपून कोरली, संत आणि देवदूतांच्या सहासष्ट आकृती, १९६२ मध्ये कॅथेड्रल उघडलं. २०२० च्या जानेवारीत चोरट्यांनी आत शिरताना त्यातली एक काच फोडली, एक देवदूत गेला. त्या बातमीने मी दिवसभर अस्वस्थ होतो. फाटलेलं चित्र रंगवून दुरुस्त करता येतं, काच नाही.

आता कायद्याचं, कारण मोरवाल्याच्या मोबाइलमधला मोर कुणीतरी काढलेला होता. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पैसे देऊन कुणी फोटो, चित्र, व्यक्तिचित्र किंवा एनग्रेव्हिंग करून घेतलं आणि उलट करार केलेला नसेल, तर पहिला कॉपीराइट करवून घेणाऱ्याचा. काचेवरचं कोरीवकाम या शब्दात बसतं का, यावर वकिलांना भांडू द्या; तुम्ही चार ओळी लिहून घ्या. रेखाटन कुणाचं, ते दुसरीकडे वापरायचं का, फोटो कोण काढणार, नाव कुठे येणार. कॉपीराइट कुणाचाही असो, कलम ५७ प्रमाणे कृती आपली आहे हे सांगण्याचा आणि तिची मोडतोड झाली तर दाद मागण्याचा हक्क कलाकाराकडे राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनात अमरनाथ सेहगल यांनी सरकारसाठी केलेलं ब्राँझचं भव्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवून गोदामात टाकलं गेलं. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले भाग त्यांना परत द्यायला लावले आणि पाच लाखांची भरपाई दिली. पैसे मोजले म्हणून वस्तूचं वाटेल ते करता येत नाही, हे सरकारलाही ऐकावं लागलं.

आमची खिडकी दिवाळीनंतरच्या एका दुपारी बसली. सुताराने पट्ट्या ठोकल्या, समितीतल्यांनी काच पुसली, ताई बाहेर चिंचेखाली जाऊन उभ्या राहिल्या आणि तिथून हाताने दिवा बंद करायला सांगितला. मग आत आल्या, पिशवीतून छोटं मशीन काढलं आणि विचारलं, "सर, नाव घालू का कोपऱ्यात?"

एवढं सगळं लिहून घेतलं होतं आम्ही, माप, काच, हप्ते, तारीख. ही एक ओळ राहिली होती. मी खुर्ची पुढे सरकवली, त्यांच्या सोयीला वायर धरून उभा राहिलो. त्यांनी शेवटच्या पानाच्या खाली, करंगळीच्या नखाएवढ्या अक्षरांत, स्वतःचं नाव आणि साल कोरलं. पाच वाजून गेले होते. चिंचेतून उजेड आडवा यायला लागला होता, आणि सगळ्यात आधी तीच अक्षरं दिसली.